दादानं सोडलेलं मीठ

हॉटेलात मी भाजी बिनमिठाची मिळेल का असं विचारलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "बीपी का मॅडम?" मी हो म्हणते. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनाही मी बीपीच सांगून ठेवलंय. औषधशास्त्र शिकवणाऱ्या बाईला बीपी असला तर कुणाला नवल वाटत नाही. एकटी राहते, मग दुसरं काय होणार, असाही एक भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. माझा बीपी उत्तम आहे. उलट जरा कमीच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जालन्यात खोली घेऊन राहत होते. नोकरी शेजारच्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात होती, पण संशोधन जालना जिल्ह्यातल्या खेड्यांत, म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस तिथे. माझ्या अभ्यासाचं औषध एकच: लिथियम. ज्यांचं मन कधी आभाळाला टेकतं आणि कधी विहिरीच्या तळाशी जाऊन बसतं, त्यांना ते देतात. मला शोधायचं होतं ते एवढंच की उन्हात राबणाऱ्या, घामानं निथळणाऱ्या माणसाच्या अंगात हे औषध किती टिकतं आणि किती निघून जातं. आमची पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. ती लिहिणाऱ्यांना मे महिन्यात वाटूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभं केलं असतं, तर पुस्तकं जरा वेगळी झाली असती.

बहुतेक औषधं पोटात गेली की यकृत त्यांना फोडतं, बदलतं, निकामी करतं. लिथियमला कुणी हात लावत नाही. ते जसं गेलं तसंच रक्तात फिरतं आणि किडनीतून तसंच बाहेर पडतं. पण किडनीला ते मिठासारखं वाटतं. अंगात मीठ पुरेसं असलं की ती दोघांनाही खुशाल जाऊ देते. मीठ कमी पडलं की तिचा जीव घाबरा होतो. मग ती हाताला लागेल ते परत ओढून घेते आणि त्या घाईत लिथियमही ओढते. रोजचीच गोळी, पण ती अंगात साठत जाते आणि विष होते. एवढं लक्षात राहिलं तरी पुढचं सगळं कळेल.

खेड्यांतून पेशंटचं रक्त आणायचं, खोलीवर हातानं फिरवायच्या यंत्रात ते घुसळायचं, वर आलेलं पिवळसर पाणी वेगळं करून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवायचं आणि पहिल्या एसटीनं कॉलेजात न्यायचं, असा माझा क्रम. घरमालकीण दारातून डोकावायची. "काय ओ, ताक करून राह्यल्या का?" असं तिनं एकदा विचारलं आणि मी "रक्त आहे" म्हटल्यावर त्यानंतर तिनं कधी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तसंही कुंवार बाईला त्या बोलावण्यात फार जागा नसते. संध्याकाळी अंगणात बायकांचा घोळका बसे. मी आले की बोलणं थांबे, मी गेले की सुरू होई. मी खोलीत बसून भात आणि वरण खाई आणि स्वतःशी म्हणे, बरं आहे, वाचायला वेळ मिळतो. ते खोटं होतं. फार एकटं वाटायचं. भांडी घासतानाचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

कॉलेजात ज्योतीचं यंत्र होतं. नमुना ज्योतीत सोडायचा. मिठानं ज्योत पिवळी होते आणि लिथियमनं लाल, अगदी कुंकवासारखी. रक्तात मीठच जास्त, त्यामुळे ज्योत पिवळीच दिसे, पण रंगीत काचेतून यंत्राची सुई लिथियम तेवढं वेचून दाखवी. दिवसभर त्या ज्योतीसमोर बसायला मला आवडायचं. ती कुणालाच "अजून जमलं नाही का कुठं?" असं विचारत नसे.

हे औषध मी निवडलं ते दादामुळे.

दादा माझा मोठा भाऊ. राजूरच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्याच शाळेत तो गुरुजी. वडील लवकर गेले, मागोमाग आई, आणि मला शिकवलं ते यानं. मी शिकायला शहरात असताना एका उन्हाळी सुट्टीत त्यानं शाळेच्या तीन भिंतींवर बाहेरून जगाचा नकाशा काढला. न जेवता, न झोपता. नकाशा सुंदर होता, आजही म्हातारी माणसं त्याबद्दल बोलतात. फक्त जगाच्या मधोमध आमचं गाव होतं आणि चारी बाजूंनी समुद्र. मग तो म्हणायला लागला की बोट येऊन राह्यली, सगळ्यांनी सामान बांधा. दोन घरांनी खरंच बांधलं, कारण गुरुजी सांगतात म्हटल्यावर गावात कुणी शंका घेत नसे. नंतर पावसाळाभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. अंगारे झाले, धुपारे झाले. शेवटी मी त्याला शहरात डॉक्टरांकडे नेलं, लिथियम सुरू झालं आणि काही महिन्यांत माझा दादा परत आला. पुन्हा शाळेत जाऊ लागला. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही माझं कुंकू वापस आणलं." मला त्या गोळीचा इतका हेवा वाटला आणि इतकं प्रेमही वाटलं की मी तिचाच अभ्यास करायचं ठरवलं.

नकाशाची बातमी मात्र आमच्यापेक्षा जास्त फिरली. जालन्याचं एक स्थळ पसंती देऊन गेलं होतं. मला तो माणूस आवडला होता, हेही सांगून टाकते. कमी बोलायचा, हसताना मान खाली घालायचा. मग त्यांच्याकडून निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण घरात वेड आहे म्हणतात, पुढच्या पिढीत उतरेल. त्यानंतर जी स्थळं आली ती कुठून तरी तेवढं ऐकूनच परत गेली. मी दादाला कारण कधी सांगितलं नाही. मला वाटलं, त्याला ठाऊक नाही. लहान गावात राहणाऱ्या माणसाबद्दल असं वाटून घेणं म्हणजे माझा शुद्ध खुळेपणा.

एका वर्षी हिवाळ्यात मी गावी गेले तर दादाचा हात कापत होता. कपातला चहा बशीत आणि बशीतला लेंग्यावर. जीभही जड झाली होती. उठताना तो भिंतीला धरून उठला. वहिनीनं सांगितलं की गावात लोक म्हणून राह्यलेत, गुरुजी पिऊन शाळेत येतात. मुलांनी घरी जाऊन त्याच्या चालीची नक्कल केली होती. ज्यानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही, त्याच्यावर ही पाळी!

"गोळ्या जास्त घेतोस का?" मी विचारलं.

"न्हाई माय. तू सांगितलं तेवढ्याच बराबर."

मला तो लहानपणापासून माय म्हणायचा. वहिनी गोळ्या स्वतः हातावर ठेवत होती, तिनंही तेच सांगितलं. "जेवण? मीठ कमी केलंय का?" हा प्रश्न मी प्रत्येक पेशंटला विचारत असे. वहिनी चुलीकडे बघत म्हणाली, "नेहमीसारखंच." मी त्याचं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सुई अशी वर चढली की मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. यंत्र बरोबर होतं.

मी तशीच उलट एसटीनं गावी निघाले. पोचले तेव्हा भर दुपार होती, दादा आत झोपलेला, वहिनी विहिरीवर. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चुलीच्या कडेला एक लहान पातेलं झाकलेलं दिसलं, त्यातलं वरण मी भाकरीवर ओतलं आणि घास घेतला. वरणात मीठच नव्हतं. वहिनी विसरली असेल म्हणून भाजीला हात घातला, ती मोठ्या पातेल्यातली होती आणि चांगली खारट होती. म्हणजे घरात दोन स्वयंपाक होत होते.

वहिनी घागर घेऊन आली आणि माझ्या हातातलं पातेलं बघून जागच्या जागी बसली.

"ताई, मला बोलायची मनाई हाये."

"कुणाची?"

"त्यांची. नवस हाये त्यांचा. अंगारकीला राजूरला गेल्तो तवा बोलले. ज्याच्यासाठी बोलला त्याला कळू द्यायचं नसतंय."

"कुणासाठी बोलला?"

ती रडायला लागली, तेव्हा मला कळलं. बाकीचं तिनं रडत रडतच सांगितलं. दादा राजूरच्या गणपतीसमोर बोलला होता की बहिणीचं लग्न होईपर्यंत मी मीठ खाणार नाही.

माझ्या रागाचा भडका उडाला. मी एवढी शिकलेली, लिथियम आणि मीठ यांवर लोकांना व्याख्यानं देणारी, आणि माझाच भाऊ माझ्याचसाठी मीठ सोडून विष पचवत बसला होता. पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता. गावातली जीप मागवून आम्ही त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं. त्याला अर्धवट शुद्ध होती. गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागलं. ते बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरताना मी बघत होते. सलाईन म्हणजे दुसरं काय, मिठाचं पाणीच. किडनीला सांगायचं, घाबरू नकोस, मीठ भरपूर आलंय, आता त्याला जाऊ दे.

दोन दिवसांनी तो नीट बोलायला लागला. पहिली नजर बाटलीकडे गेली.

"माय, याच्यात मीठ असतंय ना?"

"असतं."

त्यानं ओठांवरून जीभ फिरवून चव बघितली. मग म्हणाला, "जिभेला लागलं न्हाई. शिरेतून गेलं. मंग नवस मोडला न्हाई."

औषध तोंडानं द्यावं की शिरेतून, त्यानं काय फरक पडतो, यावर मी दर वर्षी पोरांचे चार तास घेते. देवाच्या दरबारातही तो फरक धरतात हे तेव्हा कळलं. मला हसू आलं आणि त्याबरोबर इतक्या दिवसांचं साठलेलं रडूही आलं. वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांनी ते बघितलं.

घरी आणल्यावर खरी झुंज लागली. गोळी बंद ठेवली तर कधी ना कधी पुन्हा नकाशा, पुन्हा बोट, पुन्हा ती भिंत. गोळी सुरू केली तर मीठ खायलाच हवं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गोळी किंवा नवस, दोन्हीपैकी एक सोडा. दादा म्हणाला, "गोळी सोडतो."

"वेडा आहेस का?" माझ्या तोंडून निघून गेलं. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे.

"हाये ना," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर तू बसून राह्यली. मला काय ठाव न्हाई वाटलं? जालन्याचं ते स्थळ वापस गेलं तवाच मला समजलं. माझ्या पायी तुझं आयुष्य गेलं, माय. माझ्याकडं दुसरं काय हाये सोडायला? जेवणात चव तेवढी होती, ती सोडली."

मग मी माझी विद्या काढली. रिकाम्या कॅप्सूल आणल्या, त्यात मोजून मीठ भरलं आणि त्याच्यासमोर ठेवल्या. जिभेला लागणार नाही, चव कळणार नाही, पोटात गेल्यावरच फुटेल. त्यानं एक कॅप्सूल उचलून उन्हात धरली.

"देवाला फसवायची गोळी करून राह्यली का?"

"शिरेतून चाललं ना तुला?"

"तवा मी शुद्धीत नव्हतो. आता हाये. पोटात गेलं म्हंजी खाल्लं."

माझ्या आजवरच्या संशोधनाचा याहून कडक परीक्षक मला भेटलेला नाही.

तोड वहिनीनं काढली. तिच्या माहेरी तिच्या बापाचा नवस त्याच्या आजारपणात चुलत्यानं उचलला होता. नवस मोडता येत नाही, पण रक्ताच्या माणसानं देवासमोर जाऊन आपल्या अंगावर घेतला तर आधीचा मोकळा होतो. ती म्हणाली, "मी घेतला असता, पण माझं रगत वेगळं." त्यांना मूलबाळ नव्हतं; रक्ताचं माणूस त्या घरात एकच उरलं होतं.

"मी घेते," मी म्हटलं.

"बिलकुल न्हाई," दादा उठूनच बसला. "जिच्यासाठी मागायचं तिनंच सोडायचं? असं कुठं असतंय?"

"का नसावं? लग्न मला हवंय तर काही सोडायचं ते मी सोडू नको का?"

मला लग्न हवं आहे हे वाक्य मी तोवर कुणासमोरच बोलले नव्हते. सगळ्यांना सांगायचे, मला संशोधन आहे, मला वेळ नाही. त्या दिवशी चुलीसमोर ते निघालं आणि निघाल्यावर कळलं की ते खरं आहे. मला कुणीतरी हवं होतं. संध्याकाळी दार उघडल्यावर आत दिवा लागलेला हवा होता. दादानं मान खाली घातली आणि म्हणाला, "चल मंग."

पुढच्या चतुर्थीला आम्ही तिघं राजूरला गेलो. गर्दी होती, बाहेर नारळाच्या आणि पेढ्यांच्या दुकानांत गलका होता. आत जायच्या आधी मी टपरीवर गरम भजी घेतली आणि मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या दोनदा मागून खाल्ल्या. शेवटचं म्हणून. दादा हसला, कितीतरी महिन्यांनी. देवासमोर मला मोठ्यानं म्हणावं लागलं की भावाचा नवस मी घेतला, माझं लग्न होईस्तोवर मी मीठ खाणार नाही. आजूबाजूच्या बायका माझे पिकू लागलेले केस बघत होत्या. मी मेडिकल कॉलेजात शिकवते हे त्यांना माहीत नव्हतं, तेवढं एक बरं झालं. मग बाहेर आवारात वहिनीनं पदराची गाठ सोडली, खडामीठ होतं. मी एक खडा दादाच्या जिभेवर ठेवला. त्यानं डोळे मिटले आणि खडा पूर्ण विरघळेपर्यंत उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्या दिवसापासून मी अळणी खाते. लोणचं, पापड, चटणी सगळं गेलं. पहिल्या उन्हाळ्यात चक्कर यायची. मग अंगाला सवय झाली. मी उत्सुकतेपोटी स्वतःची लघवी ज्योतीत सोडून पाहिली, ज्योत जेमतेम पिवळी झाली. शरीर काटकसर शिकतं. जे थोडं मिळतं ते घट्ट धरून ठेवतं. माणसांच्या बाबतीतही माझं तेच झालंय. कुणी एखादा शब्द प्रेमानं बोललं तरी तो मला महिनाभर पुरतो.

संशोधनाला मात्र या भानगडीचा फायदा झाला. मी पेशंटला मीठ किती खाता असं विचारणं सोडलं आणि घरातल्या बाईला बाजूला घेऊन विचारू लागले, कुणाचा काही नवस आहे का? अळणी सोमवार, अळणी नवरात्र, पिंपळगावच्या रेणुकेला बोललेलं मीठ. बरं होण्यासाठी देवापुढे मीठ सोडलेले आणि त्यामुळेच हात कापायला लागलेले आणखीही लोक निघाले. मी त्यावर लेख लिहिला. परदेशातल्या संपादकानं विचारलं, नवस म्हणजे नेमकं काय? मी उत्तर दिलं, देवाला दिलेला शब्द, जो घरचे लोक डॉक्टरांपासून लपवतात. त्यानं ते जसंच्या तसं छापलं.

दादा नंतर पुष्कळ वर्षं चांगला राहिला. गोळी घेतली, मीठ खाल्लं, सन्मानानं रिटायर झाला. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा त्यानंच पुन्हा रंगवला, या वेळी समुद्र जागच्या जागी ठेवून. दर रविवारी गावातल्या बूथवरून त्याचा फोन यायचा. पुढे घरीच फोन आला, मग मोबाईल. इकडचं तिकडचं झालं की शेवटी एकच प्रश्न असायचा, "मंग माय, मीठ सुरू केलं का?" त्याला दुसरंच विचारायचं असे आणि ते मला कळत असे. मी म्हणायचे, "अजून नाही रे." तो म्हणायचा, "होईल." चाळिशीतही म्हणायचा, पन्नाशी जवळ आल्यावरही म्हणायचा. बाकी सगळ्यांनी केव्हाच आशा सोडली होती, मीसुद्धा. हा एकटा माझ्यासाठी थांबून राहिला होता.

तो झोपेत गेला, हृदय थांबलं. गोळीचा काही संबंध नव्हता, मी सगळं तपासून पाहिलं. तेराव्याच्या जेवणाला वहिनीनं माझ्या ताटात सगळ्यांचंच वाढलं. वरण, भाजी, आणि डाव्या बाजूला चिमूटभर मीठ. "खा आता ताई," ती म्हणाली. "ज्यांनी नवस बोलला ते गेले. आता कोण विचारणार हाये तुम्हाला?"

तिनं ते मायेनं म्हटलं. मी भाताचा घास उचलला आणि परत ठेवला. मला भूक होती आणि वरणाचा वास चांगला येत होता. पण माझं लग्न होणार नाही हे मला माहीत आहे, गणपतीलाही आता माहीत असावं. तरी जोवर मी मीठ खात नाही, तोवर राजूरला माझ्यासाठी कुणीतरी काही मागितलेलं आहे आणि ते मागणं अजून चालू आहे. या जगात माझ्यासाठी मागणारा तेवढा एकच होता. मी वहिनीला म्हटलं, "मला त्या लहान पातेल्यात वेगळं काढून द्या." ती उठली आणि फडताळातून पातेलं काढलं.